गाडी फाटकापाशी येऊन अडते: आजोबांच्या हाताने घडवलेल्या मॉडेल रेल्वेतला परत परत येणारा दोष

लक्षण असं आहे. रूळ पुसले की गाडी दोन-तीन आठवडे छान धावते. मग बोगद्यातून बाहेर पडताना तिचा वेग मंदावायला लागतो आणि एके दिवशी फलाट हातभर लांब असताना, फाटकापाशी ती थांबते. बोटाने ढकललं तर रांगत पुढे सरकते आणि फाटकापलीकडचा एक जोड ओलांडला की एकदम उसळी मारून धावते. उलट्या दिशेने चालवली तर स्टेशन सोडल्या सोडल्या त्याच जोडावर जीव टाकते. पुन्हा रूळ पुसायचे, पुन्हा दोन-तीन आठवडे. आमच्याकडे हे चक्र कित्येक वर्षं चालू होतं, आणि मी दर वेळी ‘धूळ बसली’ एवढंच म्हणून फडकं उचलत होते.

ही रेल्वे माझ्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी, घडवलेली आहे. फळीच्या तळाशी पेन्सिलीने १९५८ लिहिलेलं आहे. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ३२ मिलिमीटर, म्हणजे ‘ओ’ मापाचं. लाकडाच्या पट्ट्या कापून केलेले स्लीपर, त्यांवर बारीक खिळ्यांनी एकेक करून बसवलेले पितळी रूळ, पितळी पत्र्याचं इंजिन. एकच लंबगोल मार्ग, साधारण सात मीटर लांबीचा, आणि स्टेशनापाशी एक साइडिंग, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचा फाटा. आतल्या आणि बाहेरच्या रुळाचे प्रत्येकी सोळा तुकडे, म्हणजे मुख्य मार्गावर एकूण बत्तीस जोड. हे आकडे पुढे लागणार आहेत.

लहानपणी गाडी स्टेशनात शिरताना हळू व्हायची ती आजोबांचीच काहीतरी करामत आहे असं आम्हां मुलांना वाटायचं. खरी गाडीही तशीच येते ना. ती करामत नव्हती, दोषाची सुरुवात होती, हे मला गेल्या वर्षी कळलं.

पुढचं सगळं दोन रुळांच्या, १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या रेल्वेसाठी आहे. तुमच्याकडे मधला तिसरा रूळ असलेली जुनी रचना असेल, तर मोजमाप मधला रूळ आणि बाजूचा रूळ यांच्यात घ्यायचं. पुरवठा एसी असेल तर मीटर एसीवर ठेवायचा. बाकी तर्क तोच.

रुळाला हात लावण्याआधी पुरवठा

जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर तो ‘चालतो का बघू’ म्हणून भिंतीतल्या प्लगला लावू नका. त्या काळच्या तारांवर रबराचं आवरण आणि वरून सुती विणकाम असायचं. रबर इतक्या वर्षांनी कडक होऊन तडकतं, तार वाकवली की आतल्या आत गळून पडतं आणि बाहेरचं सुती विणकाम मात्र शाबूत दिसतं. म्हणजे उघडी पडलेली तार डोळ्यांना दिसतच नाही. हा पुरवठा लहान मुलं हात लावतात त्या रुळांपर्यंत जाणार आहे, त्यामुळे इथे भावनेला जागा देऊ नये.

दुसरी गोष्ट रेक्टिफायरची, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागाची. त्या पिढीतल्या बऱ्याच पेट्यांत सेलेनियमचे रेक्टिफायर आहेत, चौकोनी पत्र्यांची चळत एका दांड्यात ओवल्यासारखे दिसतात. वय झालं की त्यांच्यात व्होल्टेज वाया जातं आणि पूर्ण निकामी होताना जळले तर भयंकर दुर्गंधी सुटते. तो धूर विषारी असतो. वास आला तर प्लग काढा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर व्हा. त्या जागी आजचा सिलिकॉन रेक्टिफायर टाकला तर त्यात व्होल्टेज कमी खर्च होतं, म्हणून रुळावर जास्त पोहोचतं आणि जुनी मोटर तापू शकते. हा उपाय वाटतो तितका सोपा नाही.

मी काय केलं ते सांगते. आजोबांची पेटी जागेवरच ठेवली, तिची मुख्य वीज कायमची तोडली. १२ व्होल्टचा नवा, शॉर्ट झाल्यास आपोआप बंद होणारा पुरवठा टेबलाखाली बसवला आणि त्याची वायर आजोबांच्या वेग-नियंत्रकाला जोडली, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज घातला. नियंत्रकाचं फिरवायचं बटण आणि दिशा बदलायचा स्विच दोन्ही त्यांचेच राहिले. बोटांना लागते ती वस्तू तीच आहे, धोका तेवढा गेला.

आणखी एक सावधगिरी: जुन्या उष्णतारोधक पत्र्यांत आणि काही तारांच्या आवरणांत अॅस्बेस्टॉस असू शकतो, जुन्या रंगात शिसं असू शकतं. कापू नका, घासू नका, फुंकर मारून धूळ उडवू नका.

गाडी कशी थांबते ते आधी बघा

गाडी कुठे थांबते हे सगळे बघतात. ती कशी थांबते हे बघितलं तर अर्धं निदान तिथेच होतं. बटण एकाच जागी ठेवून गाडीला पाच-सहा फेऱ्या मारू द्या आणि नुसतं बघत बसा.

हळूहळू मंदावत जाते आणि एका नेमक्या जागी झटक्यात वेग परत येतो, असं असेल तर त्या झटक्याच्या जागचा जोड तुटल्यात जमा आहे. कारण असं: वर्तुळाकार मार्गाला वीज एकाच ठिकाणी, समजा फलाटाशी, दिलेली असते आणि ती डावीकडून आणि उजवीकडून अशी दोन्ही बाजूंनी पसरते. फलाटाच्या शेजारचाच एक जोड तुटला तर त्याच्या पलीकडच्या रुळाला वीज पूर्ण मार्गाला वळसा घालून, उरलेले सगळे जोड पार करत यावी लागते. प्रत्येक जोड थोडं थोडं व्होल्टेज खातो. म्हणून पुरवठ्याच्या तारेपासून वीतभर अंतरावर असलेली जागाच सगळ्यांत दुबळी ठरते. आमचा दोष नेमका हाच होता, आणि तो एवढी वर्षं निसटला, कारण ‘तार तर इथेच शेजारी आहे, इथे वीज कमी कशी असेल’ असं प्रत्येकाला वाटत राहिलं.

मंदावणं आणि सावरणं दोन्ही हळूहळू होत असेल आणि सगळ्यांत मंद जागा फलाटाच्या बरोबर समोरच्या बाजूला असेल, तर एकही जोड पूर्ण तुटलेला नाही, पण बरेच जोड थकलेले आहेत.

आधी न मंदावता एका जागी पटकन थांबते आणि नखाने टोचलं तरी चालते, हा प्रकार घाणीचा, खोलगट झालेल्या फळीचा किंवा सांध्यामधल्या, म्हणजे गाडीचा मार्ग बदलतो त्या जागेतल्या, वीज नसलेल्या छोट्या तुकड्याचा. रोज वेगळ्या जागी थांबते, तर दोष रुळात नाही, इंजिनाच्या चाकांत किंवा चाकांकडून वीज घेणाऱ्या पट्टीत आहे. दहा मिनिटं उत्तम धावते आणि मग सगळीकडेच दमते, तर मोटर.

मीटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो

मी पहिल्यांदा मल्टिमीटर लावला तेव्हा फलाटाशी १२.१ व्होल्ट, बोगद्यात १२.१, फाटकापाशीही १२.१. म्हणून मी रुळांवरचा संशय काढून टाकला आणि वर्षभर इंजिनाच्या मागे लागले. ते वर्ष वाया गेलं.

डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओम असतो. म्हणजे तो रुळांतून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, आणि करंट वाहिलाच नाही तर खराब जोडावर व्होल्टेज पडतही नाही. जोडाचा रोध २ ओम असो की २,००० ओम, मीटरला १२ व्होल्टच दिसणार. जुनी ‘ओ’ मापाची मोटर मात्र अर्धा ते एक अँपिअर मागते, आणि मग दोन ओमचा एक जोड एक ते दोन व्होल्ट गिळतो.

म्हणून रुळांवर भार ठेवून मोजायचं. वाहनांचा १२ व्होल्ट, १० वॅटचा दिवा घ्या. तो पूर्ण उजळला की साधारण ०.८ अँपिअर घेतो, म्हणजे इंजिनाच्या जवळपास तेवढाच. दिव्याला दोन तारा, तारांना दोन चिमटे. गाड्या रुळांवरून उचलून ठेवा, बटण पूर्ण पुढे फिरवा, चिमटे जिथे गाडी थांबते तिथल्या दोन्ही रुळांना लावा. दिवा गरम होतो, तो लाकडावर किंवा वाळलेल्या शेवाळाच्या झुडपांवर टेकवू नका.

आमच्याकडचे आकडे असे आले. दिवा फाटकापाशी लावलेला असताना फलाटाशी ११.६ व्होल्ट, आणि दिव्यापाशी ७.४. दिवा पिवळट, मलूल. ४.२ व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते.

आता दिवा तिथेच पेटता ठेवून मीटरचं एक टोक जोडाच्या अलीकडच्या रुळावर आणि दुसरं पलीकडच्या रुळावर टेकवा. मीटर डीसी व्होल्टवरच ठेवायचा, ओमवर नाही. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतात. एकेक जोड असा मोजत पूर्ण मार्गाला फेरी मारा आणि आकडे लिहून ठेवा. आतल्या रुळावर मला एकूण ०.२ व्होल्टच सापडले. बाहेरच्या रुळावर तीन जोड नाठाळ निघाले: १.३, ०.९ आणि ०.७ व्होल्ट. उरलेल्या बारा जोडांवर आणि रुळाच्या लांबीत मिळून १.१. यांची बेरीज ४ व्होल्ट. आणि फाटक आणि फलाट यांच्यामधल्या जोडावर मीटर टेकवला तर तिथेही बरोबर ४ व्होल्ट. पूर्ण वळशात जेवढं हरवत होतं तेवढं त्या एका जोडावर दिसत होतं, म्हणजे त्यातून काहीच पलीकडे जात नव्हतं.

मीटर नसेल तरी चालेल. दिवा पेटता ठेवा आणि चिमटे लावलेला तारेचा छोटा तुकडा एकेका जोडावर आडवा लावत जा. ज्या जोडावर तार लावताच दिवा उजळतो, तो जोड दोषी. मी आईला हे करून दाखवलं तेव्हा फाटकाच्या जोडावर तार टेकताच दिवा पिवळ्याचा पांढरा झाला. तिला व्होल्ट-ओममध्ये रस नाही, पण ते तिला लगेच समजलं.

दिसत होती ती तार

त्या जोडावर आजोबांची तार होती. मार्गातल्या बत्तीसपैकी पाच जोडांवर त्यांनी बाहेरच्या बाजूने केसासारखी बारीक तांब्याची तार आडवी सोल्डर केलेली (डाक देऊन जोडलेली) आहे, खडीत अशी लपवलेली की मान वाकवून बघितल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे रूळ एकमेकांना धरणाऱ्या पितळी फिशप्लेटा आतून काळ्या पडतात आणि वीज अडवतात, हे त्यांना कळलं होतं. जिथे जिथे गाडी अडली तिथे तिथे त्यांनी फिशप्लेटीवर विश्वास न ठेवता तारेचा पूल बांधला होता. तार जागेवर होती म्हणूनच मी त्या जोडावर कधी संशय घेतला नाही.

भिंगाखाली बघितल्यावर कळलं. तारेचं एक टोक सोल्डरच्या थेंबात होतं, पण थेंब आणि रूळ यांच्यात बारीक भेग होती. थेंब नुसता टेकलेला होता.

भेग का पडली हेही उघड आहे. पितळ एका अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढतं. आमचा रुळाचा एक तुकडा साधारण ४५ सेंटिमीटर. थंड आणि गरम दिवसांत २० अंशांचा फरक धरला तर प्रत्येक तुकडा ०.१७ मिलिमीटर पुढेमागे होतो. त्यात लाकडी फळी दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, तीही लाकडाच्या रेषांना आडव्या दिशेने जास्त. तारेत ढील नव्हती, ती ताणून सरळ जोडलेली होती. साठेक वर्षं हे ओढणं-ढकलणं त्या एका थेंबाने सोसलं.

आणि रूळ पुसल्यावर गाडी का चालायची, याचंही उत्तर इथेच आहे. मी फडकं दाबून घासत होते. त्या दाबाने रूळ किंचित हलायचा, थेंब पुन्हा रुळाला टेकायचा, फिशप्लेटीतला गंजही थोडा खरवडला जायचा. दोन-तीन आठवड्यांनी सगळं परत पूर्वीच्या जागी. गाडी पुसण्याने चालत नव्हती, दाबण्याने चालत होती. तुमच्याकडेही ‘पुसलं की काही दिवस चालते’ असं असेल तर एकदा न पुसता, नुसतं प्रत्येक जोडाशी रूळ अंगठ्याने दाबून बघा. तेवढ्याने गाडी चालली तर दोष घाणीचा नाही.

दुरुस्ती

एकच जोड नीट करून थांबलं तर काही महिन्यांनी दुसरा जोड तीच गोष्ट करतो, कारण ते सगळे एकाच वयाचे आहेत. कायमचा उपाय म्हणजे विजेचा प्रवास फिशप्लेटींवर सोपवायचाच नाही. रूळ जोडायचं काम त्यांचं, वीज न्यायचं काम तांब्याच्या तारेचं.

फळीच्या खालून मार्गाच्या आकाराने दोन जाड तारा फिरवा, दोन वेगळ्या रंगांच्या, १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या. अशा तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०११५ ओम असतो. साडेतीन मीटरवरच्या सर्वांत लांबच्या जागी ०.८ अँपिअरला एका तारेत ०.०३ व्होल्ट पडतात, म्हणजे नसल्यासारखेच. मग रुळाच्या प्रत्येक तुकड्याला एक छोटी, ०.५ चौरस मिलिमीटरची तार सोल्डर करून खालच्या जाड तारेला जोडा. आतल्या रुळाचे सगळे तुकडे एका रंगाला, बाहेरच्याचे दुसऱ्या रंगाला. या छोट्या तारेला फळीखाली थोडी ढील जरूर ठेवा. फिशप्लेट रुळाला सोल्डर करून टाकण्याचा मोह होतो, तो टाळा. रुळांना पसरायला जागा उरली नाही तर गरम दिवसांत ते खिळे उपटून वाकडे होतात, आणि हाताने बसवलेले ते खिळे परत तसे बसत नाहीत.

सोल्डरिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच जुन्या कामाचं सर्वांत जास्त नुकसान होतं. रुळाची बाहेरची कड, खालच्या अंगाला, काडेपेटीच्या काडीएवढ्या जागेत चकचकीत होईपर्यंत खरवडा. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो पदार्थ, राळेचाच वापरा. आम्लाचा फ्लक्स पितळ पटकन धरतो, पण मागे राहून वर्षानुवर्षं तार खात बसतो. तारेच्या टोकावर आणि रुळावर आधी वेगवेगळं पातळ सोल्डर चढवा, मग दोन्ही एकत्र आणून क्षणभर उष्णता द्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या बारीक कामाला पुरणारं छोटं २५ वॅटचं सोल्डरिंगचं यंत्र इथे उलट घातक ठरतं. पितळी रूळ उष्णता ओढून घेतो, तुम्ही वाट बघत बसता आणि तेवढ्यात स्लीपर करपतो. ६० वॅटचं किंवा मोठं, रुंद टोकाचं यंत्र घ्या आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा, म्हणजे शेजारचा जुना जोड वितळणार नाही. नेहमीचं टिन-शिशाचं सोल्डर १९० अंशांच्या आत वितळतं. शिसेविरहित असेल तर २१७ च्या पुढे, म्हणून जुन्या सोल्डरच्या शेजारी मी टिन-शिशाचंच वापरलं, आणि काम झाल्यावर हात धुतले.

भोक पाडण्याआधी फळी खालून बघा. आमच्याकडे दोन ठिकाणी वरून सोयीची वाटलेली जागा नेमकी आडव्या लाकडी दांड्यावर येत होती, एका ठिकाणी सिग्नलच्या तारेवर. एका वेळी एकच तार जोडा आणि प्रत्येक तारेनंतर, पुरवठा बंद ठेवून आणि इंजिन उचलून, दोन रुळांत शॉर्ट नाही ना ते मीटरने बघा. बत्तीस तारा जोडून झाल्यावर शॉर्ट सापडला तर तो शोधायला बत्तीस जागा असतात.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. साइडिंगच्या तोंडाशी एक जोड पूर्ण मेलेला सापडला. मी त्यालाही तार दिली. बटण फिरवताच मुख्य मार्गावरच्या गाडीबरोबर साइडिंगमध्ये उभं असलेलं छोटं इंजिनही निघालं आणि टोकाच्या अडसरावर आपटलं, त्याचा पुढचा हुक वाकला. नीट बघितल्यावर दोन रुळांच्या टोकांत तपकिरी फायबरची नखाएवढी चकती सापडली. आजोबांनी तो जोड मुद्दाम तोडलेला होता, साइडिंगमधलं इंजिन स्वतंत्र स्विचने चालावं म्हणून. जुन्या मांडणीत असे मुद्दाम तोडलेले जोड जवळपास नेहमी असतात. मेलेला जोड सापडला की आधी त्यात फायबर, पुठ्ठा किंवा लाकडाची चकती आहे का ते बघा, आणि खालून त्या तुकड्याला वेगळी तार व स्विच आहे का ते शोधा. मार्ग फिरून स्वतःलाच उलटा येऊन मिळत असेल, म्हणजे गाडी तोंड फिरवून परत येत असेल, तर आतला रूळ बाहेरच्याला भेटतो आणि शॉर्ट होतो. तिथे तर तारा जोडण्याआधी कागदावर दोन रंगांनी नकाशा काढावाच लागतो.

सांध्यांकडेही एकदा बघा. हलणाऱ्या जिभेला वीज बऱ्याचदा नुसती शेजारच्या रुळाला टेकण्यातून मिळते. तिथेही मऊ, बहुतारी वायरचा सैल तुकडा जोडला की काम होतं. ताठ एकेरी तार नको, काही शे वेळा सांधा बदलला की ती तुटते.

पुसायचं असेल तर

पुसणं लागतंच, फक्त तो या रोगावरचा उपाय नाही. पॉलिश पेपरने रूळ घासू नका. त्याने पडलेल्या ओरखड्यांत घाण अधिक घट्ट बसते आणि पुढच्या वेळी आणखी लवकर घासावं लागतं. स्टील वूल तर कधीच नाही. त्याचे लोखंडी केस मोटरच्या चुंबकाला चिकटून आत शिरतात. सुती फडकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलं करा आणि फक्त रुळाचा माथा पुसा. फडकं निथळत असेल तर थांबा, कारण स्टेशनं, फलाट, डबे यांवर लाखेचं पॉलिश असेल तर अल्कोहोल ते विरघळवतं. फलाटाच्या कडेचा बोटभर भाग माझ्या हातून असाच पांढरा पडला आहे. चाकांवरचं काळं कडंही त्याच फडक्याने पुसा.

इंजिन उघडावं लागलंच तर

रूळ नीट झाल्यावरही गाडी जड चालत असेल तरच. जुनं तेल वाळून डिंकासारखं होतं, ते काढून प्रत्येक बेअरिंगला सुईच्या टोकाने एक थेंब नवं तेल पुरतं. जास्त झालं तर ते कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश टेकतात त्या फिरत्या तांब्याच्या कड्यावर, पोहोचतं आणि कार्बन ब्रशच्या भुकटीत मिसळून त्याच्या फटी बुजवतं. त्या फटी लाकडी काडीने साफ करा, सुईने नको.

आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, मात्र चुंबकातून बाहेर काढू नका. त्या काळची नालेच्या आकाराची चुंबकं मधलं लोखंड काढलं की आपली ताकद गमावू शकतात. अशी मोटर नंतर जास्त करंट खाते, कमी ओढते आणि तापते, आणि मग पुन्हा चुंबकित करून घेण्याशिवाय इलाज उरत नाही. काढणं अगदी अटळच असेल तर चुंबकाच्या दोन्ही टोकांवर आधी मऊ लोखंडाची पट्टी टेकवा आणि ती टेकवत टेकवतच आर्मेचर सरकवा. जस्ताच्या ओतीव भागांवर बारीक तडे किंवा फुगवटा दिसला तर ते भाग पिळू नका, मारून बसवू नका. जस्तात शिशासारखी अशुद्धी राहून गेली की ते आतून असे फुटत जातात, आणि त्यावर दुरुस्ती नाही, फक्त नवा भाग.

आमचं काम संपल्यावर तोच दिवा परत लावला. फलाटाशी ११.६ व्होल्ट, बोगद्यात ११.५, फाटकापाशी ११.५. तेव्हापासून अकरा महिने झाले. या काळात रूळ दोनदा पुसले, तेही धूळ दिसली म्हणून. दमट हवा सुरू झाली तेव्हा आणि संपली तेव्हा दिव्याची फेरी एकेकदा मारली, आकडे जिथल्या तिथे होते. आजोबांच्या पाचही तारा जागेवर आहेत. फाटकाची भेगाळलेली तार मी काढली नाही, तिच्या शेजारून नवी घातली.

गाडी आता स्टेशनात शिरताना आपोआप हळू होत नाही, भरधाव निघून जाते. आईला ते बघवत नाही. इंजिन बोगद्यातून बाहेर आलं की ती आजोबांचं बटण स्वतः मागे फिरवते आणि गाडी फलाटाला लावते.